सुसंगततेचे वचन : हायकू ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २००१ मध्ये हातात मावणारे छोटे संगणक बनवणाऱ्या पाम या कंपनीने बी इन्कॉर्पोरेटेड या छोट्या कंपनीची बौद्धिक मालमत्ता सुमारे १ कोटी १० लाख डॉलर किमतीच्या शेअरच्या मोबदल्यात घेण्याचे ठरवले आणि बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम व्यवहारात संपली. पामला ती पुढे चालवायची नव्हती. त्याच महिन्यात, १८ ऑगस्ट रोजी, मायकेल फिप्स यांच्या पुढाकाराने बीओएसच्या काही वापरकर्त्यांनी ती मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, स्वरूपात पहिल्यापासून लिहून काढण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रकल्पाचे तेव्हाचे नाव ओपनबीओएस. बीओएस या नावाचे हक्क पामकडे गेलेले असल्यामुळे २००४ मध्ये ते बदलून हायकू असे झाले. बीओएससोबत येणारा नेटपॉझिटिव्ह हा ब्राउझर पान सापडले नाही की त्रुटीचा संदेश हायकूच्या रूपात दाखवत असे, त्या आठवणीने हे नाव घेतले गेले.

हा प्रकल्प आजही चालू आहे. त्याची पाचवी बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, पण ज्या पहिल्या पूर्ण आवृत्तीसाठी २००१ मध्ये काम सुरू झाले, ती अद्याप आलेली नाही. पगार नाही, कार्यालय नाही, मूळ प्रणालीचा बहुतांश सोर्स कोड नाही, अशा स्थितीत जगभर विखुरलेला हौशी लोकांचा गट दोन दशकांहून अधिक काळ एकाच कामाला कसा चिकटून राहिला आणि ते काम पुरे व्हायला एवढा काळ का लागतो आहे, हे दोन प्रश्न या अभ्यासात घेतले आहेत. दोन्हींचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी सापडते. सुरुवातीलाच या गटाने एक वचन दिले होते: बीओएसच्या पाचव्या आवृत्तीसाठी तयार झालेला प्रोग्राम, त्यात एक बाइटही न बदलता, नव्या प्रणालीवर चालला पाहिजे.

काय गमावले होते

ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी ही कंपनी स्थापन केली. १९९५ मध्ये तिने बीबॉक्स हा दोन प्रोसेसरांचा संगणक बाजारात आणला, पण दोन हजार नगही खपले नाहीत. पुढच्या वर्षी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शोधात असलेल्या ॲपलशी बोलणी झाली. ती फिसकटली आणि ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली. त्यानंतर बीओएस साध्या इंटेल संगणकांवर आली आणि मार्च २००० मधील पाचव्या आवृत्तीची व्यक्तिगत प्रत तर कंपनीने मोफत दिली. म्हणजे जी प्रणाली आपल्या संगणकावर पाहून, वापरून तिच्या प्रेमात पडावे अशी सोय हजारो लोकांना मिळाली, तिलाच दीड वर्षाच्या आत वाली उरला नाही.

हे प्रेम कशामुळे होते, ते समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, असे, त्यामुळे एक काम अडले तरी बाकीचा पडदा हाताला प्रतिसाद देत राही. डॉमिनिक जाम्पाओलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहिलेली तिची फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलला हवे तेवढे गुणधर्म जोडू देई आणि त्या गुणधर्मांवर डेटाबेसप्रमाणे शोध घेऊ देई. आलेली प्रत्येक ईमेल ही एक स्वतंत्र फाइल, पाठवणारा आणि विषय हे तिचे गुणधर्म; त्यामुळे अमक्याकडून आलेली न वाचलेली पत्रे शोधायला ईमेलचा प्रोग्रामसुद्धा लागत नसे, फाइलींची साधी खिडकी पुरे. असे घडवलेले काम एका कंपनीच्या ताळेबंदामुळे नाहीसे व्हावे, ही गोष्ट वापरकर्त्यांना मनापासून लागली. हायकूच्या मुळाशी ही हळहळ आहे, आणि मी तिला कमी लेखत नाही. एखादे साधन नीट विचार करून घडवलेले आहे हे ओळखण्यासाठी जी नजर लागते, तीच पुढे ते पुन्हा घडवण्यासाठी कामी आली.

मार्ग आणि निवड

तेव्हा मार्ग एकच नव्हता. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्यावर, बीओएससारखा वरचा थर चढवावा, असा एक विचार होता आणि त्या वाटेने ब्लूआइडओएस व कॉस्मो हे वेगळे प्रकल्प निघालेही. हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यामुळे आयते मिळाले असते. दुसरा विचार असा की, जुन्याच्या मागे न लागता बीओएसमधल्या कल्पना घेऊन काही तरी नवे रचावे. ओपनबीओएसने या दोन्ही वाटा सोडल्या आणि पाचव्या आवृत्तीची हुबेहूब पुनर्बांधणी हे ध्येय धरले. त्या आवृत्तीत नसलेल्या कल्पनांसाठी ‘ग्लास एलेव्हेटर’ या नावाची वेगळी चर्चा उघडण्यात आली. सूचना चांगली असेल तर ती तेथे जाईल, तिच्यावर खल होईल, पण पहिली आवृत्ती निघेपर्यंत ती अमलात येणार नाही, असा हा करार होता.

या निर्णयाची किंमत लोक लगेच मोजू लागतात, पण त्याने काय दिले ते आधी पाहिले पाहिजे. हौशी प्रकल्प बहुधा मतभेदांत विरतात. काय बांधायचे यावर एकमत नसते, आणि ज्याचे मत चालत नाही तो निघून जातो. येथे काय बांधायचे हा प्रश्नच मिटलेला होता. एखादे फंक्शन अमुक परिस्थितीत काय परत देते, याबद्दल दोघांत वाद झाला तर बीओएस सुरू करून पाहायचे. ती सांगेल ते बरोबर. प्रोग्रामरसाठी लिहिलेले ‘बी बुक’ हे दस्तऐवज आणि कोणती फंक्शने उपलब्ध आहेत हे सांगणाऱ्या हेडर फाइली सर्वांच्या हाताशी होत्या. मुख्य रचनाकार नसतानाही वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकाच आराखड्यावर काम करू शकली, ती यामुळे.

कामाची वाटणीही त्या आराखड्यातूनच आपोआप निघाली. बीओएसची रचना ‘किट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामांत विभागलेली होती: स्टोरेज, इंटरफेस, मीडिया, नेटवर्क, ट्रान्सलेशन इत्यादी. ओपनबीओएसने प्रत्येक भागासाठी एक गट नेमला. नव्याने लिहिलेला एखादा भाग चालू बीओएसमध्ये जुन्याच्या जागी बसवून पाहता येत असे. फाइल सिस्टिमचा नवा कोड खऱ्या बीओएसवर, खऱ्या डिस्कवर तपासला गेला. हौशी प्रकल्पात हे फार मोलाचे असते, कारण सगळी प्रणाली उभी राहीपर्यंत वाट न पाहता संध्याकाळच्या दोन तासांत लिहिलेले काही तरी त्याच दिवशी चालताना दिसते. फाइली आणि डेस्कटॉप दाखवणारे ट्रॅकर व डेस्कबार हे दोन प्रोग्राम तर बी कंपनीने आपल्या हयातीतच मुक्तस्रोत केले होते. ते तसेच घेता आले.

कर्नल मात्र हेडर फाइलींतून मिळणारा नव्हता. तेथे बी कंपनीचेच माजी अभियंता ट्रॅव्हिस गायझेलब्रेक्ट यांनी स्वतःच्या हौसेने लिहिलेला न्यूओएस हा कर्नल घेतला गेला आणि त्यातून हायकूची स्वतंत्र शाखा वाढली. एका हौशी प्रकल्पाचा पाया दुसऱ्या हौशी प्रकल्पाने घातला, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरसाठी पुढे फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीचा कोड जवळपास आहे तसा चालवणारा एक जोडथर लिहिला गेला. नाहीतर प्रत्येक वाय-फाय चिपसाठी वेगळा माणूस शोधावा लागला असता.

वचन पाळणे म्हणजे काय

‘जुने प्रोग्राम चालले पाहिजेत’ हे म्हणायला सोपे आहे. प्रत्यक्षात काय करावे लागले, याचे एक उदाहरण जवळून पाहू. बीओएसचे सर्व प्रोग्राम सी प्लस प्लस या भाषेतल्या क्लासेसवर, म्हणजे कोडच्या तयार साच्यांवर, आधारलेले होते. खिडकीतला प्रत्येक भाग ‘बीव्ह्यू’ या क्लासपासून तयार होतो. अशा क्लासमधल्या व्हर्च्युअल, म्हणजे प्रोग्रामला आपल्या सोयीने बदलता येणाऱ्या, फंक्शनांचा एक तक्ता असतो आणि प्रोग्राम कंपाइल होतानाच, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर होतानाच, कोणते फंक्शन तक्त्यातल्या कितव्या घरात आहे, ते त्या प्रोग्रामात कायमचे कोरले जाते. मूळ क्लासच्या तक्त्यात नवे घर घातले की जुन्या प्रोग्रामांचा हिशेब चुकतो आणि ते कोसळतात. बी कंपनीच्या अभियंत्यांना हे माहीत होते, म्हणून त्यांनी अशा क्लासेसमध्ये ‘राखीव’ या अर्थाच्या नावांची, काहीही न करणारी फंक्शने आधीच भरून ठेवली होती.

हायकूला मजकुराच्या लांबीनुसार आपोआप जुळणारी मांडणी हवी होती. त्यासाठी प्रत्येक व्ह्यूला आपला किमान, कमाल आणि पसंतीचा आकार सांगता यावा लागतो, म्हणजे नवी व्हर्च्युअल फंक्शने आलीच. ती राखीव घरांत बसवली गेली. पण जुन्या प्रोग्रामाने स्वतःचा तक्ता जुन्या हेडरवरून तयार केलेला असतो आणि त्या घरात अजूनही राखीव फंक्शनाचेच नाव असते. म्हणून हायकूच्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्राम वापरतात त्या सामाईक कोडसंग्रहात, त्या जुन्या नावांची फंक्शनेही शिल्लक ठेवावी लागली. जुन्या तक्त्यातून हाक आली की ती मुकाट्याने नव्या फंक्शनाकडे पाठवणे, एवढेच त्यांचे काम. हा कोड वापरकर्त्याला कधीच दिसत नाही आणि त्यासाठी कोणी कौतुकही करत नाही, तरी तो एकेका क्लाससाठी नीट बसवला गेला आहे. या समाजाबद्दल मला वाटणारा आदर सर्वाधिक अशा ठिकाणी आहे.

जुन्या फंक्शनांची ती नावे ज्या पद्धतीने लिहिली जातात, तेथेच या वचनाचा सर्वांत जड भार येतो. बीओएसचे प्रोग्राम जीसीसी कंपायलरच्या २.९५ या १९९९ च्या आवृत्तीने तयार झालेले होते. जीसीसीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सी प्लस प्लसमधली नावे लिहिण्याची आणि क्लासेस मांडण्याची पद्धत बदलली, त्यामुळे नव्या कंपायलरने बनवलेली लायब्ररी जुन्या प्रोग्रामाला ओळखताच येत नाही. दुसरीकडे, नवा ब्राउझर किंवा नवी लायब्ररी जुन्या कंपायलरवर तयार होत नाही. हायकूने यातून काढलेला मार्ग ‘हायब्रिड’ प्रणालीचा होता: मुख्य लायब्ररी दोन्ही कंपायलरांनी दोनदा तयार करायच्या आणि प्रोग्राम ज्या कंपायलरने बनलेला असेल त्याच कंपायलरची लायब्ररी त्याला द्यायची. यामुळे बत्तीस बिटांच्या आवृत्तीचा कोड आजवर जुन्या कंपायलरला समजेल असाच लिहावा लागतो आणि सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून आलेल्या सोयी तेथे वापरता येत नाहीत. जगाने सोडून दिलेला कंपायलर सांभाळण्याचे कामही या गटावरच येऊन पडले आहे.

स्वच्छ कोडचे महत्त्व

याच काळात जर्मनीतली यलोटॅब ही कंपनी बीओएसच्या मूळ कोडवरून पुढे नेलेली झेटा नावाची प्रणाली विकत होती. दुकानात मिळणारी, चालणारी वस्तू असताना हौशी लोकांच्या अपुऱ्या कामाची गरज काय, असा प्रश्न विचारला जाणे साहजिक होते. झेटाची विक्री २००७ मध्ये थांबली. बीओएसचे हक्क ज्यांच्याकडे आले होते त्या ॲक्सेस या जपानी कंपनीच्या वतीने, झेटाला तसा परवाना कधीच नव्हता, असे त्याच सुमारास जाहीर केले गेले. हायकूचा कोड नव्याने लिहिलेला आणि एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली असल्यामुळे त्याच्यावर असे गंडांतर आले नाही. उलट, ‘बी बुक’ आणि बी कंपनीची जुनी वार्तापत्रे प्रसिद्ध करण्याची परवानगी ॲक्सेसने हायकूला दिली.

आवृत्त्या, खंड आणि एक वादग्रस्त बदल

२००८ मध्ये हायकू स्वतःवरच स्वतःला कंपाइल करू लागली आणि १४ सप्टेंबर २००९ रोजी पहिली अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीची, आवृत्ती निघाली. पुढच्या तीन अल्फा २०१०, २०११ आणि २०१२ मध्ये आल्या. मग मात्र नोव्हेंबर २०१२ पासून सप्टेंबर २०१८ पर्यंत एकही अधिकृत आवृत्ती निघाली नाही. बाहेरून पाहणाऱ्यांनी प्रकल्प संपला असे मानले. आत तर नेमकी उलट परिस्थिती होती.

२०१३ मध्ये पॅकेज व्यवस्थापन, म्हणजे प्रोग्राम बसवण्याची आणि काढण्याची व्यवस्था, मुख्य कोडमध्ये आले. त्याची पद्धत इतरत्र आढळते त्यापेक्षा वेगळी आहे. हायकूत पॅकेज उघडून त्यातल्या फाइली डिस्कवर पसरवल्या जात नाहीत. पॅकेजची दाबून बसवलेली फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की तिच्यातला मजकूर प्रणालीच्या वृक्षात जोडला गेलेला दिसतो, आणि ती फाइल काढली की तो सगळा नाहीसा होतो, मागे कचरा राहत नाही. प्रत्येक बदलाआधीची अवस्था नोंदवलेली असते, त्यामुळे एखाद्या अद्यतनाने बिघाड झाला तर संगणक सुरू होतानाच बूटलोडरमधून कालची प्रणाली निवडता येते. रचना म्हणून मला ही हायकूची सर्वांत चांगली स्वतंत्र कामगिरी वाटते.

तरीही ती अनेक जुन्या वापरकर्त्यांना रुचली नाही. बीओएसमध्ये प्रणालीच्या फोल्डरमध्ये हवी ती फाइल टाकावी, हवी ती बदलावी, अशी मोकळीक होती. आता ती फोल्डरे केवळ वाचनासाठी झाली. त्यांची तक्रार नुसत्या सवयीची नव्हती. पाचव्या आवृत्तीत नसलेली इतकी मोठी गोष्ट पहिल्या आवृत्तीत येणे म्हणजे ‘ग्लास एलेव्हेटर’चा करार मोडणे होते, आणि ते खरेच होते. पण बारा वर्षांत जग बदलले होते. २००१ मध्ये दहा-वीस प्रोग्राम हाताने उतरवून संगणक वापरता येत होता. एकमेकांवर अवलंबून असलेल्या शेकडो लायब्ररी लागणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरला ते शक्य नाही. माझ्या मते निर्णय योग्य होता, मात्र त्याच्या मागून येणाऱ्या कामाचा अंदाज कमी धरला गेला. प्रत्येक प्रोग्रामसाठी तो कसा तयार करायचा हे सांगणारी कृती लिहायची, प्रत्येक बदलानंतर पॅकेजे आपोआप तयार करणारे सर्व्हर उभे करायचे आणि ते सांभाळायचे, ही कामे हौशी माणसाला कोड लिहिण्याइतकी ओढ लावत नाहीत. ती पुरी व्हायला वर्षे गेली. त्या काळात समाज रोज तयार होणाऱ्या ‘नाइटली’ प्रतींवर जगला. नियमित वापर करणारे लोक त्याच घेत, त्याच तपासत आणि दोष कळवत.

सप्टेंबर २०१८ च्या पहिल्या बीटामध्ये चौसष्ट बिटांची आवृत्तीही प्रथमच अधिकृतपणे दिली गेली. तिचा पाया २०१२ मध्ये विद्यार्थ्यांना मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातल्या एका विद्यार्थ्याने घातला होता. तिच्यावर बीओएसचे जुने प्रोग्राम चालत नाहीत, कारण चौसष्ट बिटांची बीओएस कधी नव्हतीच. ज्या वचनावर प्रकल्प उभा राहिला, ते न पाळणारी आवृत्ती त्या समाजाने स्वीकारली आणि त्यावरून तो फुटला नाही. वचनाने जे घडवायचे होते ते तोवर घडून गेले होते: कामाची शिस्त, दोषांची नोंद, कोड तपासण्याची पद्धत आणि प्रणालीचा स्वभाव काय आहे याबद्दलची सामाईक समज.

माणसे आणि पैसा

२००३ मध्ये फिप्स यांनी हायकू इन्कॉर्पोरेटेड ही ना-नफा संस्था स्थापन केली. ती देणग्या घेते, सर्व्हरचा खर्च भागवते, पण कोणते काम करायचे हे ठरवत नाही. ते विकसक आपसांत ठरवतात. पैशाला दिशा ठरवू न देण्याचा हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण विनामोबदला काम करणाऱ्याला आपले मत देणगीदाराइतकेच वजनदार आहे, हे माहीत असावे लागते. फिप्स काही वर्षांनी नेतृत्वातून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी दुसरा एक नेता आला नाही, तरी काम अडले नाही.

नवे लोक येण्याची वाट मुख्यतः २००७ पासून मिळालेल्या गूगल समर ऑफ कोडच्या जागांनी आणि शालेय वयातल्या मुलांसाठी असलेल्या गूगल कोड-इनने उघडली. बहुतेक विद्यार्थी उपक्रम संपल्यावर गेले. थोडे राहिले आणि त्या थोड्यांनी प्रकल्पाचे आयुष्य वाढवले. जर्मनीत ‘बीगाइस्टर्ट’ नावाचे संमेलन भरत असे, तेथे आणि त्याला जोडून होणाऱ्या कोडिंगच्या दिवसांत एरवी पडद्यावर भेटणारी माणसे शेजारी बसून काम करत. संस्थेने काही विकसकांना ठरावीक कामासाठी मानधनही दिले, उदाहरणार्थ पॅकेज व्यवस्थापन आणि वेबकिट या वेबपाने दाखवणाऱ्या कोडवर आधारलेला ब्राउझर यांसाठी. २०२१ पासून एका विकसकाला सातत्याने मानधन देणे संस्थेला जमले आणि त्यानंतर दोषनिवारणाला वेग आलेला स्पष्ट दिसतो. हौस हीच प्रेरणा असलेल्या समाजात एका माणसाला पैसे दिले तर बाकीचे नाराज होतील, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. येथे तसे झाले नाही. कंटाळवाणी, किचकट कामे त्या एका माणसाने अंगावर घेतल्यामुळे इतरांना आपल्या आवडीचे काम करायला उलट मोकळीक मिळाली.

आजची स्थिती

आज पहिल्या आवृत्तीसाठी उरलेली कामे म्हणजे २००१ च्या यादीतली कामे नव्हेत. पाचव्या आवृत्तीची बरोबरी बहुतांश केव्हाच झाली आहे. अडते आहे ते नव्या हार्डवेअरवर, ग्राफिक्स कार्डच्या वेगावर, ब्राउझरवर आणि लहानमोठ्या दोषांच्या त्या यादीवर, जी जुनी नोंद मिटली की नवी घेते. क्यूटी आणि जीटीके या इतर प्रणालींवरही चालणाऱ्या साधनसंचांवर लिहिलेले बरेच प्रोग्राम आता हायकूवर चालतात. त्यामुळे प्रणाली रोजच्या कामाला अधिक उपयोगी झाली आहे, पण त्याबरोबर खास हायकूसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचे प्रमाण घटते आहे, आणि गुणधर्मांवर शोध घेण्यासारख्या ज्या गोष्टींसाठी हा सारा खटाटोप झाला, त्या परक्या प्रोग्रामांना माहीतच नसतात. विकसकांनी आता जास्त लक्ष या बाजूकडे द्यावे असे मला वाटते. जुन्या कंपायलरचा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे. बत्तीस बिटांची आवृत्ती अजून त्याच्यावर तयार होते आणि पहिली आवृत्ती निघेपर्यंत तो ठेवण्याचे विकसकांचे धोरण आहे.